पुरात बुडालेली आज्जीची सिंगर: रंग नको, आधी रॉकेल आणा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. आज्जीची काळी सिंगर, पायाच्या स्टँडवरची, जुलै २०२१ च्या पुरात दोन दिवस पाण्यात होती. नंतर वरची मशीन काढून फडक्यानं पुसून माळ्यावर टाकली, स्टँड अंगणात, त्यावर सध्या तुळशीची कुंडी. आता चाक तसूभर हलत नाही. भंगारवाला किलोवर मागतोय, गाड्यांना रंग मारणारा एकजण म्हणतोय स्प्रे मारून नवीकोरी करून देतो, आणि धाकट्या भावाला जुन्या मशिनी जमवायचा नाद लागलाय. तर ही चालू होईल का, रंग मारावा का, आणि भावानं पहिली मशीन कुठली घ्यावी?

ताई, आधी एक करा, काहीच करू नका. चेष्टा नाही. चाक जोरात फिरवू नका, हातोडी तर लांबच ठेवा, त्या स्प्रेवाल्याला पुढच्या महिन्यात या म्हणून सांगा. पुरानं मेलेल्या मशिनी मी फार कमी बघितल्यात, पुरानंतर घरच्यांनी घाई करून मारलेल्या मात्र लई.

मी टेलरचा पोरगा. वडलांचं दुकान महाद्वार रोडच्या आतल्या बोळात, दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या घरात झोपायला जागा नसायची एवढे ब्लाऊज आणि पायजमे पडलेले असायचे. मी स्वतः शिवायला बसलो नाही, उद्यमनगरात लेथवर लागलो, पण वडलांची मशीन बिघडली की उघडायला मीच, आणि तिथनं जो नाद लागला तो पंचवीसेक वर्षं झाली सुटलेला नाही. आत्ता घरात चौतीस मशिनी आहेत. बायकोच्या हिशेबानं एक्केचाळीस, कारण ती सुट्ट्या पार्टचे डबे पण मोजते.

आता जाम का होते ते बघू. लोकांना वाटतं आत काहीतरी तुटलं. या काळ्या मशिनीत तुटण्यासारखं असतंच काय, सगळं ओतीव लोखंड आणि पोलाद, प्लास्टिकचा एक कण नाही. दहातल्या आठ वेळा मला सापडतं ते वाळलेलं तेल. आपल्याकडं सवय काय, मशीन ऑइलची बाटली संपली की स्वयंपाकघरातलं तेल. शेंगतेल घालतात, खोबरेल घालतात, एकदा एका काकूंनी करडईचं घातलेलं. खाण्याचं तेल हवेवर हळूहळू घट्ट होतं, करडईचं आणि जवसाचं तर एवढं वाळतं की त्याचा वॉर्निशसारखा पापुद्राच होतो, म्हणून तर जवसाचं तेल रंगात वापरतात. खोबरेलाची आणखी वेगळी तऱ्हा, थंडीत बाटलीत गोठतं तसं ते मशीनमध्ये पण गोठतं आणि मग डिसेंबरात मशीन जड लागते, उन्हाळ्यात बरी चालते, आणि बाई म्हणते मशीनला थंडी बाधते. बाधत नाही हो, खोबरेल बाधतं.

दुसरं कारण दोरा. शटल, म्हणजे खालचा दोरा धरणारा पार्ट, जिथं फिरते त्या खोबणीत एखादा दोऱ्याचा तुकडा घुसतो, त्यावर दुसरा बसतो, आणि मग चाक अडकतं. हे पाच मिनिटांचं काम, पण त्या पाच मिनिटांसाठी चांगली मशीन भंगारात गेलेली मी डोळ्यांनी बघितलीय. तिसरं कारण गंज, आणि तुमच्या केसमध्ये वरनं पंचगंगेचा गाळ. पुराच्या पाण्यातला गाळ लई बारीक असतो, तेलाच्या भोकातनं आत जातो आणि वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो. म्हणूनच म्हटलं चाक फिरवू नका. फिरलंच तर तो गाळ शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, घासणार.

पुरातनं काढल्या काढल्या खरं तर स्वच्छ पाण्यानं धुवून, वाळवून त्याच दिवशी तेल घालायला पाहिजे होतं. लोक चिखल पुसतात आणि समजतात झालं. असो, आता ती वेळ गेली. पुढच्या वेळेसाठी एवढं लक्षात ठेवा की मशीन स्टँडला दोन बिजागऱ्यांवर बसलेली असते, मशीन मागं कलंडवून बिजागरीचे दोन स्क्रू ढिले केले की वरची सगळी मशीन उचलून हातात येते, बारा-तेरा किलो असेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. आमच्या ओळखीतल्या नदीकाठच्या सगळ्या शिवणाऱ्या बायकांना मी सांगून ठेवलंय, ३९ ऐकलं की आधी मशीन वर न्या, मग टीव्ही.

आता काम. आधी मोबाईलवर फोटो, चारी बाजूंनी आणि खालनं पण, आणि प्रत्येक पार्ट काढायच्या आधी एक. सुई काढा, दाबपट्टीचा पाय काढा, डाव्या टोकाची पट्टी एका स्क्रूवर असते ती काढा, खालच्या सरकत्या पट्ट्या काढा, शटल बाहेर घ्या. स्क्रू काढताना एक सांगतो, आणि इथं मी जरा जास्त बोलणार कारण निम्म्या मशिनी इथंच बिघडतात. बाजारातला पाचर टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. तो स्क्रूच्या खाचेत नीट बसत नाही, वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. माझ्याकडं सात स्क्रूड्रायव्हर आहेत, सगळे ग्राइंडरवर घासून टोक सपाट आणि खाचेच्या मापाचं केलेलं. सुटत नसेल तर रॉकेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेनं जोर द्या, टक् असा बारीक आवाज येतो, मग उलटा फिरवा. आणि प्रत्येक स्क्रू फोटोच्या नंबरानं वेगळ्या वाटीत, कारण सिंगरचे आटे आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या कुठल्याच स्क्रूला जुळत नाहीत, कंपनीचे स्वतःचे आटे होते. एक हरवला तर उद्यमनगरात लेथवर बसून तसाच कापून घ्यावा लागतो. मी माझे स्वतः कापतो, पण एका स्क्रूला अर्धा दिवस जातो आणि त्या पैशात आख्खी दुसरी मशीन येईल.

मग कोरडा गाळ काढा. जुना टूथब्रश, आणि पंक्चरवाल्याकडं नेऊन हवेचा झोत, तोंडाला रुमाल बांधून. मग सगळ्या सांध्यांत रॉकेल. रॉकेल हल्ली मिळणं मुश्कील झालंय, डिझेल चालतं, वास मारतं एवढंच, गॅलरीत करा आणि शेगडीपासून लांब. लोखंडावर लोखंड जिथं जिथं फिरतंय किंवा सरकतंय तिथं प्रत्येक ठिकाणी दोन-दोन थेंब, वरच्या भोकांतनं, मशीन कलंडवून खालनं, डाव्या टोकाला सुईचा दांडा आणि दाबपट्टीचा दांडा. आणि मग ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मध्ये मध्ये केस वाळवायच्या ड्रायरनं तो भाग गरम करा, वाळलेलं तेल ऊन लागलं की मऊ पडतं आणि नंतर घातलेलं रॉकेल आत शिरतं. रॉकेल पूर्ण सुकल्याशिवाय ड्रायर लावू नका, हे सांगायला नको पण सांगतो.

चाक किती हलतंय ते रोज बघायचं, पण फिरवायचं नाही, नुसतं मागंपुढं डुलवायचं, करंगळीच्या नखाएवढं हललं तरी अर्धं काम झालं. माझ्याकडं इचलकरंजीची एक सिंगर होती, ६६ मॉडेलची, एकोणीस दिवस काही म्हणजे काही नाही, मी रोज जेवण झाल्यावर दोन थेंब घालायचो आणि झोपायचो, विसाव्या दिवशी हात लावला तर चाक आपसूक गेलं, काहीच झालं नव्हतं अशा थाटात. त्याच्या आधी तिच्या मालकानं चाकावर लाकूड ठेवून हातोडी मारलेली. ओतीव लोखंड वाकत नाही, थेट फुटतं, हे कोल्हापुरात तरी कुणाला सांगायला लागू नये, गल्लोगल्ली फाउंड्रीत काम करणारी माणसं आहेत. त्या चाकाची कड फुटलेली ती अजून तशीच आहे.

जाम नक्की कुठं आहे ते शोधायची एक साधी युक्ती सांगतो. चाकाच्या मध्ये जो छोटा गोल नॉब असतो, बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, भरताना आपण ढिला करतो तो, तो सोडवा. आता चाक एकटं फिरतंय का बघा. फिरलं तर दोष आत आहे, शाफ्टमध्ये नाहीतर शटलमध्ये. चाकच फिरेना तर चाक शाफ्टवर पण चिकटलंय आणि आत पण जाम आहे. त्या नॉबच्या मागं कानांची एक वॉशर असते, ती काढली तर कशी बसली होती त्याचा फोटो घ्याच, कारण ती अर्धा फेरा उलटी बसली की नॉब कितीही आवळा, चाक फिरतं आणि सुई जागची हलत नाही. माणूस घाबरतो, मशीन बाद झाली म्हणतो. वॉशर काढून अर्धी फिरवून लावायची, बस्स.

गंजाबद्दल. सुट्ट्या पार्टना, म्हणजे सरकत्या पट्ट्या, स्क्रू, स्टँडचे बारके भाग, यांना आपल्या भागात एक मस्त औषध आहे, मळी. जनावरांच्या खाद्यात घालतात तीच. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या डब्यात आठवडाभर बुडवून ठेवा. गंज मऊ होऊन निघून येतो, खालचं चांगलं लोखंड फारसं खात नाही. वास असा येतो की शेजारी विचारतात गुऱ्हाळ टाकलंय का, पण काम करतं. अॅल्युमिनियम किंवा जस्ताचा पार्ट त्यात टाकू नका, आणि रंगवलेली मशीन तर अजिबात नको. बाहेर काढला की धुवून, लगेच वाळवून, लगेच तेल, नाहीतर तासाभरात परत लाल. चकचकीत पार्टवर नुसती गंजाची झाक असेल तर सगळ्यात बारीक स्टील वूल आणि तेल पुरतं.

आता रंग. इथं मी चिडणार आहे, आधीच माफी मागतो.

ती काळी चकाकी म्हणजे आजचा ऑइलपेंट नाही. डांबरासारखं बिट्युमेन घातलेलं काळं वॉर्निश लावून भट्टीत भाजायचे, त्यावर सोनेरी चित्रं चिकटवायचे आणि त्याच्यावर लाखेचा पारदर्शक हात. लाख म्हणजे सुतार फ्रेंच पॉलिशला स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच. त्या काळात जगभर लाख जायची ती मुख्यतः आपल्याच देशातनं. म्हणजे बहुतेक आपलीच लाख जहाजानं स्कॉटलंडला जाऊन मशीनवर बसून परत आलेली. आता हा थर स्पिरिटमध्ये विरघळतो हे सुताराला कळतं, पण आपल्याला कळत नाही. कोरोनात एका ताईंनी आईची मशीन रोज सॅनिटायझरनं पुसली, आठवड्यात सोनं गेलं आणि कापसाला पिवळसर चिकट लागायला लागलं, आणि त्यांना वाटलं घाण निघतीय.

मी त्यांना हसलो नाही, कारण माझी पहिली मशीन मीच मारलीय. सिंगर २७, दोन्ही बाजूंना पंखवाल्या स्फिंक्सची, म्हणजे सिंहाचं अंग आणि बाईचं तोंड अशी, सोनेरी चित्रं असलेली, ग्रीसची घाण निघेना म्हणून मी फडकं थिनरमध्ये बुडवून एक हात मारला. एकच. डाव्या स्फिंक्सचं तोंड फडक्यावर आलं. उजवी शाबूत आहे अजून, ती मशीन विकत नाही मी, भिंतीकडं डावी बाजू करून ठेवलीय.

तर तुमचा रंगवाला काय करणार, आधी सगळं घासून काढणार, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं ते काम कायमचं गेलं, मग स्प्रे मारणार, तो तेलाच्या भोकांत जाणार, सुईच्या दांड्यावर जाणार, नंबरावर जाणार, आणि वर बाजारातनं आणलेला स्टिकर लावणार. लांबनं नवी दिसेल. शिवणार नाही. अशी एक रंगवलेली मशीन मी उघडली तर रंगवणाऱ्यानं जाम झालेलीच रंगवलेली, आतला दोरा पण काळा झालेला.

त्यापेक्षा साधं करा. मशीन ऑइल, मऊ जुनं सुती फडकं, हळू गोल गोल. तेलानंच घाण सुटते. साबण नको, लिक्विड नको, भांडी घासायची पावडर नको. सोनेरी भागावर तर फडकं नुसतं टेकवायचं, घासलं की सोन्याचं चंदेरी होतं आणि ते परत येत नाही. तुमच्या मशीनवर पांढुरकी झाक आली असेल तर दचकू नका, पाणी बसलं की लाख पांढरी पडते, रंग गेलेला नसतो. पाच-सहा वेळा तेलाचा हात दिला की बरीच कमी होते. त्याच्या पुढचं काम, लाखेचा नवा हात देण्याचं, ते फ्रेंच पॉलिश येणाऱ्या माणसाचंच, आणि तेही चित्रं सोडून.

तुम्ही सांगितलंय खाली गोल बॉबिन नाही, बंदुकीच्या गोळीसारखी लांबट शटल होती, आणि मशीनवरचा नंबर एफ नं सुरू होतो. मग ही २७ किंवा १२७ असणार. फरक ओळखायला बॉबिन भरायचं यंत्र बघा, चाकापाशी खाली, तळाजवळ असेल तर २७, वर असेल तर १२७. हिच्याच छोट्या बहिणी २८ आणि १२८, त्या बहुतेक हातानं फिरवायच्या. एफ म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना, ही मालिका १९१० च्या आसपास सुरू झाली. मॉडेलच्या मागं के लावतात, २७के, १५के, तो किलबोवीचा, कारखाना त्या भागात होता. १९८० ला बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे. एक लक्षात ठेवा, नंबर कारखान्यात गठ्ठ्यानं वाटायचे, त्यामुळं यादीत दिसणारी तारीख म्हणजे नंबर दिल्याची तारीख, मशीन त्यानंतर तयार झाली असेल. आज्जीनं हप्त्यावर घेतली असं तुम्ही म्हणताय ते खरं असणार, सिंगरनं हप्त्याची पद्धत अमेरिकेत १८५६ लाच सुरू केलेली.

किमतीबद्दल दोन शब्द, कारण भावाच्या डोक्यात ते असणारच. जुनी म्हणजे दुर्मिळ नाही. या मशिनी लाखांनी निघाल्या. १९५१ ला सिंगरला शंभर वर्षं झाली म्हणून निळ्या कडेचा खास बिल्ला लावलेला, त्यावर १८५१-१९५१ लिहिलेलं असतं, तो दिसला की विकणारा आवाज चढवतो, पण तो बिल्ला पण ढिगानं लावलेला आहे. आणि लाल पारा. हे ऐकलं नसेल तर पुढं ऐकाल, म्हणून आधीच सांगतो. २००९ ला सौदीत अफवा उठली की जुन्या सिंगरच्या सुईत की कशात लाल पारा असतो, मोबाईल जवळ नेला की रेंज जाते, लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले, पोलिसांना खुलासे करावे लागले. ती अफवा आपल्याकडं पण फिरून फिरून येते. मला वर्षाला एक तरी फोन येतो, माणूस हळू आवाजात विचारतो, मशीन नको, फक्त सुई दाखवा. सुई कुठल्याही दुकानात मिळते हो. आत पारा नाही, काही नाही, आत शेंगतेल आहे.

चालू झाली की शिवायचं कसं. सुई नवी घाला, जुनी ठेवू नका. २७ ला आपली नेहमीची मागनं चपटी घरगुती सुई चालते, साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाडाला १६. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूनं आत जातो, हे नीट बसलं नाही तर टाके सुटतात आणि लोक मशीनला दोष देतात. मग वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्यांमधनं एक पातळ कापडाची पट्टी दात साफ केल्यासारखी ओढा, आत दहा वर्षांचं कापूस-धूळ निघेल. शिवताना कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता झाला तर सगळे बॉबिन उघडतात. खाली गुंता म्हणजे नव्वद टक्के वेळा वरचा दोरा चुकलाय, परत ओवा, बॉबिनच्या स्क्रूला हात लावू नका. कापड पुढं ढकलणाऱ्या दात्यांच्या भोवतीची पट्टी काढून बघा, तिथं धुळीचा नमदा बसलेला असतो, तो निघाला की कापड आपसूक पुढं सरकतं. तेल घातल्यावर पहिले दोन दिवस जुन्या चादरीवर शिवा, डाग थांबेपर्यंत. नातीच्या परकरावर पहिला टाका नको.

स्टँडचं सोपं आहे. तुळशीला दुसरी जागा बघा, रोज पाणी घालून घालून पायडलची धुरी गंजलेली असणार. तिला रॉकेल, मग तेल. चामड्याचा गोल पट्टा नवा घ्या, पाचेक मिलिमीटर जाडीचा, पिनेनं जोडायचा. नवा पट्टा ताणतो, पंधरा दिवसांनी अर्धा इंच कापून परत जोडायचा, आणि घट्ट ठेवायचा नाही, नुसता चाक ओढेल एवढाच, घट्ट पट्ट्यानं मशीन जड लागते आणि मग बायका म्हणतात पाय दुखतात. चाक नेहमी आपल्या अंगाकडं फिरलं पाहिजे. उलटं गेलं की दोरा गुंततो, म्हणून सुरुवातीला हातानं एक फेरा देऊन मगच पाय. फळीचा प्लाय पाण्यानं फुगला असेल तर उन्हात वाळवू नका, सावलीत, वर वजन ठेवून.

आता भावाला. पहिली मशीन काळी उषा घे, किंवा सिंगर १५. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची उषा आणि आपल्या देशातल्या बहुतेक काळ्या मशिनी या सिंगर १५ च्याच घराण्यातल्या, पार्ट लुधियानाचे, कुठल्याही टेलरिंगच्या दुकानात मिळतात, चूक झाली तरी शंभर-दोनशेत निस्तरते. शिकायला तीच. ६६ आणि ९९ पण चांगल्या, बॉबिन वरनं टाकायची, ९९ म्हणजे ६६ ची लहान आवृत्ती. २०१ मिळाली तर सोडू नको, तिच्यासारखी गुळगुळीत चालणारी मला अजून सापडली नाही. सारंगीच्या आकाराच्या पाट्याची जुनी सिंगर १२ दिसायला सगळ्यात सुंदर, पण तिची सुई वेगळी आणि ती आता सहज मिळत नाही, म्हणजे कपाटातच राहणार. अमेरिकेतनं आलेली मोटरची मशीन घेताना पाटी वाच, ११० व्होल्टची असेल तर आपल्या २३० वर लावली की धूर. आणि कुठल्याही जुन्या मोटरची वायर वाकवून बघ, वरचं रबर भुगा होऊन पडत असेल तर प्लग लावूच नको.

घेताना चाक फिरतं का यापेक्षा काय काय हरवलंय ते बघायचं. जाम सुटतं, हरवलेलं मिळत नाही. शटल आहे का, सरकती पट्टी आहे का, बॉबिन केस आहे का. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात कधी कधी सापडते, पण मला चांगल्या मशिनी मिळाल्या त्या सगळ्या दुकान बंद करणाऱ्या टेलरकडनं, आणि त्यांच्याशी घासाघीस करायची नाही, चहा प्यायचा आणि त्याची कहाणी ऐकायची. मोच्याकडची लांब नळीची मशीन, सिंगर २९, तिचा पाय सगळीकडं फिरतो, चामडं कुठल्याही दिशेनं शिवता येतं, ती पण भावाला दिसेल. ती घरात कामाची नाही. आणि चप्पल लाईनच्या, म्हणजे आमच्याकडच्या चपलांच्या दुकानांच्या गल्लीच्या, नावानं कुणी सांगितलं की याच मशीनवर कोल्हापुरी शिवायचे तर विश्वास ठेवू नको, अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीनं हातानंच शिवतात.

तर ताई, तुमची चालू होईल. माझ्या अंदाजानं पंधरा दिवस ते महिना, त्यातलं रोजचं काम दहा मिनिटांचं. भंगारवाल्याला नाही म्हणा. फक्त स्टँडच्या ड्रॉवरमध्ये, आज्जीच्या बटणांच्या डब्यात, सगळीकडं ती लांबट शटल आणि तिच्या आतली सडपातळ बॉबिन शोधा, पुरानंतर साफसफाईत असल्या बारक्या वस्तूच टाकल्या जातात. नाही सापडली तर कळवा, माझ्या डब्यात २७ ची एक जादा आहे, डाव्या स्फिंक्सचं तोंड गेलेल्या मशीनचीच.